आबांच्या कानातलं मशीन

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका पंपाच्या कारखान्यात खरेदी बघते. बेअरिंग, सील, पट्टे, नट-बोल्ट, जे लागेल ते वेळेत आणायचं. नाहीतर लाइन थांबते आणि सगळे माझ्या टेबलाभोवती येऊन उभे राहतात. या कामानं मला एक समजूत दिली आणि अठरा वर्षांत ती कधी खोटी पडली नाही. बेअरिंगवर नंबर असतो. बासष्ट झिरो पाच म्हटलं की ते जपानचं घ्या, जर्मनीचं घ्या, नाहीतर आपल्याकडचं घ्या, शाफ्टवर बसतं. कंपन्या एकमेकींच्या नरडीला लागल्या असल्या तरी बेअरिंगला त्याचं काही नसतं. आणि ज्या पार्टावर नंबरच नाही तो घेऊन मी उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपांत जाते. लेथवरचा माणूस तो हातात उलटसुलट फिरवतो, माप घेतो आणि म्हणतो, "परवा या." परवा पार्ट तयार असतो. विकत घेतलेली वस्तू आपली असते आणि ती कशाला ना कशाला जोडता येते, एवढं साधं मी धरून चालले होते. ही समजूत मला महागात पडली. माझ्यापेक्षा माझ्या वडिलांना.

वडिलांना मी आबा म्हणते. आई गेल्यापासून बावड्यातल्या घरात आम्ही दोघंच. आबांनी चाळीस वर्षं शिरोलीतल्याच एका फाउंड्रीत काढली. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओततात आणि थंड झाल्यावर माती झाडून जो तुकडा निघतो त्याला कास्टिंग म्हणतात. सुरुवातीला आबा साचे करायचे. नंतर त्यांच्याकडे तपासणी आली आणि ती शेवटपर्यंत राहिली. तपासणी म्हणजे ऐकणं. कास्टिंग साखळीला टांगायचं आणि छोट्या हातोडीनं एक टोला द्यायचा. आत कुठं चीर नसेल तर आवाज लांबवर खणखणत जातो, असेल तर बद्द वाजतं. बाजारात बायका माठ घेताना बोटानं वाजवून बघतात, तसंच, फक्त हा माठ तीस किलोचा असतो. मग खडूनं खूण करायची. बरोबरची खूण म्हणजे पास, फुली म्हणजे रिजेक्ट. आबांनी फुली मारली की मालकसुद्धा का म्हणून विचारत नसत. आमच्या घराला या एका गोष्टीचा मान होता, आणि तो मलाही मिळायचा. एमआयडीसीत मी नवी असताना लोक मला "फुलीवाल्या मामांची पोरगी" म्हणून ओळखत.

साठीला आबा रिटायर झाले. तोवर फाउंड्री जुन्या मालकांच्या मुलाकडे आली होती. या नव्या मालकांनी आबांना चार महिने घरी बसू दिलं आणि एक दिवस स्वतः येऊन दारात उभे राहिले. "मामा, तुम्ही या की परत. तुमची खूण बघितल्याबिगर मला माल गाडीत भरायला भ्या वाटतंय." आबा दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बूट घालून तयार. आठवड्याचे चार दिवस ते जात राहिले, सत्तरी ओलांडली तरी.

पण कान जात होते. त्या गदारोळात चाळीस वर्षं काढल्यावर ते राहतील तरी कसे? कारखाना कानात घालायला बोळे द्यायचा, पण आबांनी ते कधी घातले नाहीत. म्हणायचे, "कान बंद करून आवाज कसा ऐकायचा गं?" घरात मी हळूहळू वरच्या पट्टीत बोलायला लागले आणि मला ते कळलंही नाही.

मग एक दिवस ऑफिसात मालकांचा फोन आला. "ताई, पुण्याच्या पार्टीकडं आपल्या कास्टिंगचे दोन जॉब मशीनवर चढवल्यावर फुटले. दोन्हीवर मामांची पासची खूण हाय. मी त्यांना काय बोललो न्हाय, बोलणार बी न्हाय. पण तुम्ही त्यांचे कान दाखवा एकदा. अजून एकदा असं झालं तर मला पार्टीला तोंड दाखवता यायचं न्हाय." ते सभ्यपणे बोलत होते, तरी मला लाज वाटायची ती वाटलीच. घरी येऊन मी आबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या भट्टीचा माल होता?" जेवताना पुन्हा तेच विचारलं. मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात ते कामावर गेले नाहीत.

राजारामपुरीतल्या एका दुकानात कान तपासले. तपासणाऱ्या बाईंनी कागदावरची उतरती रेघ दाखवली. जाड आवाज येतात, बारीक आवाज गेलेत. त्यांनी उजव्या आणि डाव्या कानाची दोन मशिनं दाखवली, भुईमुगाच्या दाण्याएवढी, आणि त्यांची चार्जिंगची डबी. सगळं फोनवरून चालतं म्हणाल्या. किंमत मी आबांना आजवर सांगितलेली नाही. सांगितली असती तर त्यांनी ती तिथल्या तिथं काढून टेबलावर ठेवली असती.

आबांच्या फोनवर ते ॲप घ्यायला गेलो तर ते येईना. "तुमच्या फोनवर चालणार नाही" अशी ओळ यायची. बाई म्हणाल्या, काही बिघडत नाही, तुमच्या फोनला जोडू, एकदा जोडलं की झालं. मी माझा नंबर टाकला, आलेला कोड टाकला, खाली बोट लावून "मान्य" केलं. दोन रुपयांच्या वॉशरसाठी तीन ठिकाणची कोटेशनं मागवणारी मी, तिथं एक प्रश्न विचारला नाही. आजही आठवलं की माझंच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

पहिले दोन दिवस मात्र सोन्यासारखे गेले. घरात पाय टाकताच आबा थबकले. "नळ ठिबकतोय की. कवापास्नं?"

"दोन महिने झाले."

"आणि सांगितलं न्हाईस?" त्यांनी चपला न काढता पाना शोधला आणि नळ दुरुस्त केला. चहा होईस्तोवर मी त्यांच्याशी साध्या आवाजात बोलत होते. किती वर्षांनी, ते मोजत बसले नाही.

सोमवारी ते फाउंड्रीत गेले आणि संध्याकाळी पडलेला चेहरा घेऊन परतले. तपासणीला आलेल्या मालातल्या बहुतेक सगळ्यावर त्यांनी फुली मारली होती. मालकांनी त्यातला एक तुकडा कापून बघितला. आत काही नव्हतं, लोखंड स्वच्छ. दुसरा कापला, तोही स्वच्छ. मंगळवारी पुन्हा तसंच. मशीन काढून वाजवावं तर आवाजच येत नव्हता, घालून वाजवावं तर सगळा माल बद्द. "सगळंच फुटकं वाजालंय," आबा म्हणाले. आधी त्यांना भट्टीत वितळवलेल्या भंगाराचा संशय आला, मग साच्याच्या वाळूचा. स्वतःचा संशय त्यांना सगळ्यात शेवटी आला, पण आला तो गेला नाही.

मी देवघरातली घंटा आणली आणि त्यांच्यासमोर वाजवली. "टक," आबा म्हणाले. "नुसतं टक. म्होरं काय न्हाय." मी राजारामपुरीला फोन लावला. बाईंनी समजावून सांगितलं. ही मशिनं कधीकधी आपोआप शिट्टी घालतात, म्हणून लांबत जाणारा एकसुरी आवाज आला की तो दाबायचं त्यांना शिकवलेलं असतं. बाहेरची घंटा आणि आपली शिट्टी, हा फरक त्यांना कळत नाही. म्हणजे चांगल्या कास्टिंगची जी ओळख, जी ऐकण्यासाठी आम्ही हा सगळा खटाटोप केला, तीच ते मशीन खोट समजून गिळत होतं. बाई म्हणाल्या, "ॲपमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्राम आहे, तो लावून बघा."

लावला. घंटा वाजवली. आबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि चार-पाच वेळा वाजवली, डोळे मिटून. "आला," ते म्हणाले. "पार शेवटपतोर आला." मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

पण फाउंड्रीत घाम येतो. तासाभरानं मशीन काढून पुसावं लागतं, आणि काढून पुन्हा घातलं की ते आपल्या मूळ प्रोग्रामवर जातं. संगीत पुन्हा लावायला फोन जवळ हवा, आणि फोन माझ्याकडे, चार प्लॉट पलीकडच्या कारखान्यात. म्हणजे ॲप आबांच्याच फोनवर हवं. दुकानानं चालणाऱ्या फोनांची यादी दिली. त्या यादीतला एक फोन मी पुढच्या पगाराला आबांसाठी घेतला. ॲप आलं. मग ॲप म्हणालं, ही मशिनं दुसऱ्या खात्याला जोडलेली आहेत. ते दुसरं खातं म्हणजे मी! माझ्या फोनवरून काढायला गेले तर विक्रेत्याशी संपर्क साधा. विक्रेत्याला म्हणजे दुकानाला विचारलं तर त्यांनी दरम्यान त्या कंपनीची एजन्सी सोडून दुसऱ्या कंपनीची घेतली होती आणि जुन्या कंपनीनं त्यांचं सॉफ्टवेअर बंद केलं होतं. कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस हिंदीत गोड बोलला, मशिनांवरचे नंबर विचारले, आणि म्हणाला की खातं सोडवायचा अधिकार फक्त विकणाऱ्या दुकानाला आहे, ग्राहकाच्या सुरक्षेसाठी. मी विचारलं, कोणापासून सुरक्षा? माझ्या बापापासून? त्यानं तक्रार नोंदवून घेतली. सांगलीतल्या एका दुकानात त्याच कंपनीची मशिनं मिळायची. तिथं एक दिवस रजा टाकून गेले. ते म्हणाले, आमच्याकडून घेतलेलं असतं तर केलं असतं, दुसऱ्याच्या मालाला आमच्याकडून हात लावता येत नाही. शेवटी मी माझ्या हक्काच्या जागी, उद्यमनगरात गेले. तिथल्या ज्या माणसानं मला आजवर काय काय करून दिलंय त्यानं ते दाण्याएवढं मशीन तळहातावर घेतलं, भिंग लावलं आणि बराच वेळ बघितलं. "ताई, उघडून देतो म्हटलं तर देतो. पण कुलूप ह्याच्यात न्हाय. कुलूप तिकडं कुठंतरी हाय." त्यानं परवा या म्हटलं नाही, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग मी त्यांचा नवा फोन घेतला आणि माझा फोनच आबांना देऊन टाकला. सिमकार्डासकट, कारण ते ॲप अधूनमधून माझ्या नंबरवर कोड पाठवायचं आणि तो टाकल्याशिवाय उघडायचं नाही. माझ्या सप्लायरांचे फोन भट्टीशेजारी उभ्या असलेल्या आबांना जायला लागले. "ओ पावणं, ताई न्हाय हितं. मी तिचा बाप. सील? कसलं सील?" ऑफिसात सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण काम चालू झालं होतं. खडूच्या खुणा बरोबर पडत होत्या. दीड महिना एकही जॉब परत आला नाही. मालक रस्त्यात भेटले तेव्हा गाडी थांबवून म्हणाले, "मामा परत आले बघा." आबा घरी जरा जास्तच बोलायला लागले होते. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलासुद्धा त्यांना आता गंमत वाटायची.

एमआयडीसीत पाळी संपली की सगळे हवा मारतात. कॉम्प्रेसरची नळी असते, तिच्या टोकाला पिस्तुलासारखी तोटी. मशीनवरचा कीस, टेबलावरची धूळ, अंगावरचे कपडे, डोक्याचे केस, सगळं त्या हवेनं झाडायचं. मी माझ्या कीबोर्डवर हवा मारते. कुणी डब्याच्या पिशवीवर मारतं. ते काही शिकवावं लागत नाही, तो हातच तसा झालेला असतो. कानातल्या मशिनांवर रोज लोखंडाची बारीक भुकटी बसायची, डबीतल्या चुंबकाला चिकटून राहायची. आबा कपड्यानं पुसायचे, भुकटी निघायची नाही. एका संध्याकाळी त्यांनी दोन्ही मशिनं तळहातावर ठेवली, मूठ अर्धी मिटली आणि चांगली हवा मारली. आयुष्यभर जे जपलं ते त्यांनी असंच साफ केलं होतं. उजव्या मशीनची आतली नाजूक चकती फाटली. डावं घरघरायला लागलं.

मला हे त्यांनी आठ दिवस सांगितलं नाही. मी काही विचारलं की चार्जिंग कमी झालंय म्हणायचे. त्या आठ दिवसांत ते ठरल्या दिवशी फाउंड्रीत गेले आणि पाठ दुखतीय म्हणून बाकावर बसून राहिले. ऐकू येत नसताना एकाही जॉबवर त्यांनी खूण केली नाही, ना बरोबरची, ना फुली. हे मला मालकांकडून कळलं. त्यांनी मला पाठीबद्दल विचारलं, तेव्हा.

घरी आले. आबा पेपर वाचत होते. मी त्यांच्या कानातलं उजवं मशीन काढलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढं धरून विचारलं, काय केलं याला?

"हवा मारली. दुसरं काय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ते काय लेथ आहे का हवा मारायला?" मी म्हणाले.

"काय?"

"लेथ आहे का ते? कुणी सांगितलं होतं हवा मारायला?"

"काय म्हणालीस?"

तिसऱ्यांदा मी जीव खाऊन ओरडले. त्यात अजून काय काय आलं. माझी रजा, माझा फोन, सांगलीची खेप, त्यांना कधीच न सांगितलेली किंमतही. तिसऱ्यांदा त्यांना सगळं ऐकू गेलं. त्यांनी पेपराची घडी घातली. "चुकलं माझं," म्हणाले. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं पोटच्या पोरीला असं म्हणावं, आणि तिनं ते ऐकून घ्यावं. मी ऐकून घेतलं. मला शिव्या द्यायच्या होत्या त्या कुलूप घालणाऱ्यांना, पण त्यांच्या नंबरावर नुसती रेकॉर्ड वाजते. आबा समोर होते. याची लाज मला अजून वाटते, आणि ती जाईल असं वाटत नाही.

कंपनीनं कळवलं की हे नुकसान वॉरंटीत बसत नाही. एकटं उजवं मशीन मिळत नाही. नवं मॉडेल आलंय, ते जुन्या डाव्याशी जोडलं जात नाही, म्हणून जोडी घ्या. मी घेते म्हणाले. आबांनी हात हलवला. "परत तुझा फोन खिशात घालून फिरू व्हय? बास झालं."

तरी ते कामावर जात राहिले. एका डाव्या मशीनवर जमतंय का बघतो म्हणाले. एका रविवारी सकाळी मालकांचा फोन आला. "ताई, आम्ही तपासणीचं मशीन आणलंय, आवाजाचं. ठोकलं की पडद्यावर दिसतंय. मामांना सांगा, आता निवांत राहू दे घरी. मीच येऊन सांगणार होतो, पण माझी हिंमत व्हईना. तुम्ही सांगा जरा नीट." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? दोष त्यांचा नव्हता.

आबा बाहेरच्या पायरीवर बसून सोमवारसाठी बुटांना पॉलिश करत होते. मी शेजारी टेकले आणि डाव्या बाजूनं सांगायला सुरुवात केली. "मालकांचा फोन होता."

"काय?"

"मालकांचा. मशीन आणलंय म्हणाले."

"कुणी आणलंय?"

मी आत जाऊन वही आणली. "मालक म्हणाले की" एवढं लिहिलं आणि पान फाडून चुरगळलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या खडूवर माल जात होता त्याच्या हातात चिठ्ठी कशी द्यायची? पुन्हा त्यांच्या कानाशी तोंड नेलं, पुन्हा हळू बोलले. "अगं, मोठ्यानं बोल की," ते म्हणाले.

मग मी उभी राहिले आणि ओरडले. "आता यायचं नाही म्हणाले! तपासणीचं मशीन आणलंय! घरी राहा म्हणाले!" त्या दिवशी हवेवरून ओरडले होते त्याच आवाजात. माझ्याकडे त्यांच्यापर्यंत पोचणारा दुसरा आवाजच उरला नव्हता.

आबांचा ब्रश थांबला. "मालक सोता म्हणाले?"

मी मान हलवली.

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. एका बुटाला पॉलिश झालं होतं. त्यांनी दुसराही घेतला, टाचेपासून टोकापर्यंत सावकाश घासला, आणि दोन्ही आत नेऊन माळ्यावर ठेवले. शेजारीण दारात आली होती, काय झालं विचारत. मी काही नाही म्हणाले. ही गोष्ट त्यांच्याजवळ बसून, पाठीवर हात ठेवून, हळूच सांगायची होती, आणि मी ती अख्ख्या गल्लीला ऐकवली.